खालच्या रांगेतला नववा फोटो

विशालचा फोटो त्या फ्लेक्सवर मी लावला. मला तो कुणी आणून दिला नव्हता, लावा म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं. एवढीच गोष्ट, पण नऊ वर्षांत ती मी कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, विशालजवळ तर नाहीच. त्यानं एकदा तोंडावर विचारलं होतं, तेव्हा मी खोटं बोललो. आज लिहायला बसलोय, कारण गेल्या आठवड्यात तो दुकानात आला आणि जाताना दारात थांबून एक वाक्य बोलून गेला. ते पुढं येईलच. आधी हा हंगाम सांगतो, कारण हंगामाला सोडून ती गोष्ट मला आठवतच नाही.

आमच्याकडं माघ सरता सरता दोन सुगी एकदम येतात. शिवारात ज्वारीची आणि गावात फॉर्मची. पहाटे गोधडी सोडवत नाही आणि दुपारी पत्रा तापून दुकानात बसवत नाही. कडब्याच्या पेंढ्या लादलेले ट्रॅक्टर तहसीलसमोरच्या वळणावर डुलत जातात, मागं वाळल्या पानांची रांगोळी सांडत. लिंब पिवळा पडतो, त्याची पानं वाऱ्यानं माझ्या काउंटरवर येऊन बसतात. आणि त्या पानांबरोबरच पोरं येतात. बारावीची, कॉलेजची, भरतीची. हातात आधार कार्डाची झेरॉक्स, केस पाण्यानं चापून बसवलेले. "काका, चार पासपोर्ट." "काका, अर्जंट हाय, शेवटची तारीख हाय."

लोहाऱ्यात मला सगळे पेंटर म्हणतात. ब्रश सुटून पंधरा-सोळा वर्षं झाली, तरी नाव सुटलं नाही. आधी मी भिंती रंगवायचो. खताच्या जाहिराती, शाळांवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मालकाच्या पोरांची नावं. काम झालं की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचं नाव टाकायचो. मालक कधी म्हणायचा, "पेंटर, तुमचं नाव कशाला आमच्या भिंतीवर?" मी हसून ब्रश पुसायचो, पण नाव पुसायचो नाही. रस्त्यानं जाताना ते कोपऱ्यातलं नाव दिसलं की छाती दोन बोटं वर यायची. हे मुद्दाम सांगतोय. पोरांना फ्लेक्सचं वेड का लागतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी त्यातूनच आलो होतो.

मग फ्लेक्स आला. भिंती गेल्या, मी कॉम्प्युटर शिकलो; दुकानात फोटो, ऑनलाइन फॉर्म, फ्लेक्स, सगळं करू लागलो. डिझाइन माझ्याकडं व्हायचं, छपाई लातूरला. दुपारी चारच्या आत फाइल पाठवली तर गुंडाळी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं यायची. कंडक्टर ती खिडकीतून माझ्या हातात द्यायचा, एखादं लेकरू उतरवून द्यावं तशी.

एकाच पोराचे दोन फोटो मी काढत आलोय. पहिला फॉर्मचा. पाठीमागं पांढरा पडदा, कॉलरचा शर्ट. नसला तर मी खिळ्याला टांगलेला असतो तो; तालुक्यातल्या कितीतरी पोरांच्या ओळखपत्रांवर तो एकच शर्ट आहे. त्या फोटोत पोरगं सरळ समोर बघतं, थोडं घाबरलेलं, थोडं आशेनं. दुसरा फ्लेक्सचा. त्यात गॉगल, मान तिरकी, मोबाईल कानाला. पहिला फोटो घेऊन पोरगं वर्ष वर्ष वाट बघतं. कुणाचं पत्र येत नाही, कुणी बोलवत नाही. दुसरा फोटो काढला की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत चौकात तीन फुटांचं तोंड लागतं आणि चहावाला सुद्धा म्हणतो, "काय भाऊ, फ्लेक्सवर दिसायलाव." पोरगं कुठल्या फोटोकडं ओढलं जाणार, ते सांगायला शहाण्याची गरज नाही.

फ्लेक्सची एक उतरंड असते. मधोमध ज्याचा वाढदिवस तो, डोक्यामागं सिंह. बाजूला मधल्या आकाराचे दोन-तीन. आणि खाली गोल गोल चौकटींत शुभेच्छुक, कोयरीएवढे. पोरं फ्लेक्ससमोर उभी राहून मजकूर वाचत नाहीत, उतरंड वाचतात. कोण खालच्या रांगेतून वर गेला, कोण गळला, कुणाचा गॉगल मोठा झाला. आमच्या भागातल्या एका ग्रुपचा म्होरक्या होता, त्याला सगळे भैय्या म्हणायचे. वाळूच्या गाड्या, जागांची भांडणं, जत्रेतले ठेके, सगळीकडं त्याची पोरं. त्याच्या वाढदिवसाचे केक कोयत्यानं कापले जायचे. हा भैय्याही एके काळी माझ्याकडं फॉर्मच्या फोटोला आला होता, खिळ्यावरचा शर्ट घालून. पुढं तो पहिल्यांदा कुणाच्या तरी फ्लेक्सवर खालच्या रांगेत आला, तो फ्लेक्सही माझाच.

विशाल आणि नौशाद हे दोघं त्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करत होते. विशालचे वडील लोहारा लाइनला वडाप जीप चालवायचे, गावोगावची माणसं भरून नेणारी, नौशादच्या वडिलांचं बांगड्यांचं दुकान. दोघं एकाच बाकावर शिकलेली. भूकंपानंतर वसवलेल्या गावाचे रस्ते सरळ आणि रुंद, तिथं ती उजाडायच्या आत धावायची. मी शेताकडं निघालो की समोरून यायची, तोंडातून वाफा निघायच्या. कधी रस्ता सोडून हरभऱ्यातून धावायची आणि मग हरभऱ्यावरच्या आंबट दवानं, आंबेनं, पाय चुरचुरले म्हणून माझ्याकडं पाणी मागायची.

"चाचा, ह्याला सांगा," नौशाद म्हणायचा, "सोळाशे मीटर पाच मिनिटांत मारतो म्हणायलाय. घड्याळ ह्याच्या बापाच्या जीपसारखं हाय, थांबत थांबत चालतंय."

"तू तुझा गोळा बघ आधी," विशाल म्हणायचा. "फेकलेला गोळा अन् तू, दोघं एकाच जागी पडताव."

फॉर्मसाठी दोघांचे फोटो मीच काढले. विशालच्या फोनमध्ये नेट नव्हतं, म्हणून त्याचा फोटो मी नौशादच्या मोबाईलवर पाठवला. हे लक्षात असू द्या.

त्याच आठवड्यात भैय्याचा वाढदिवस आला. दहा बाय आठचा फ्लेक्स. खालच्या रांगेत नऊ चौकटी, पोरांनी फोटो आणले नऊ. दुपारी तीनला एका पोराचा बाप शेतातून तसाच आला, पायाला माती, डोक्याला टॉवेल. "पेंटर, माझ्या लेकाचा फोटो काढा त्यातून. आत्ता काढा, माझ्यासमोर." मी काढला. तो गेला. स्क्रीनवर आठ चेहरे आणि एक रिकामा गोल, दात पडल्यासारखा. आठ चौकटी सारख्या करायच्या तर खालची सगळी पट्टी नव्यानं बांधावी लागणार होती. चारला वीस मिनिटं होती. समोरच्या फोल्डरमध्ये सकाळचाच विशालचा फोटो होता. पांढरा पडदा, स्वच्छ उजेड, सरळ नजर. मी तो उचलला आणि त्या गोलात बसवला. नाव घातलं नाही. खालच्या रांगेत कोण बघतंय, असं मनाशी म्हटलं. ज्या माणसानं आयुष्यभर भिंतीच्या कोपऱ्यात नाव लिहिलं आणि ते सगळे वाचतात की नाही हे येता-जाता तपासलं, त्यानं असं म्हणावं.

पुढच्या चार दिवसांत कुणी त्या फ्लेक्सचा मजकूर वाचला नसेल, पण नववा फोटो सगळ्यांनी वाचला. बाजाराच्या बाजूचा दुसरा ग्रुप होता. त्यांनी विशालला जीप स्टँडवर गाठलं.

"काय रं, भैय्याचा झालास व्हय?"

"न्हाय वो. मला ठावं बी न्हाय."

"मग फोटो काय उडून गेला का तिथं?"

तीन-चार जणांनी मारलं. वडिलांच्या जीपची काच फोडली. दुसऱ्या दिवशी भैय्यानं विशालला बोलावून घेतलं. तिथं त्याला चहा मिळाला, खुर्ची मिळाली. भैय्या म्हणाला, "तुला आम्ही फोटोत घेतलं न्हाय, कुणी घेतलं ठावं न्हाय. पण मार आमच्या नावानं खाल्लास ना? मग आता तू आमचाच. बघू कोण हात लावतंय." जीपची काच त्याच संध्याकाळी नवीन बसली.

हे मला विशालनंच नंतर सांगितलं. ग्रुपमध्ये पोरं कशी जातात यावर लोक भाषणं करतात: संगत, मोबाईल, सिनेमा, बेकारी. सगळं असेल. मी जे बघितलं ते एवढंच, की एका बाजूनं मार पडला आणि दुसऱ्या बाजूनं खुर्ची मिळाली. तिसरी बाजू गावात होती, माझ्यासारख्यांची. ती गप्प बसली.

मारानं सुजलेला ओठ घेऊन तो दुकानात आला होता. काउंटरवरची लिंबाची पानं उगाच बोटानं गोळा करत उभा राहिला.

"काका, ह्यो फोटो तुम्हीच काढलेला. तिथं कसा गेला?"

"मला काय ठावं," मी म्हणालो. मी स्क्रीनकडंच बघत होतो. "आता सगळ्यांचे फोटो मोबाईलवर फिरायलेत. तुझ्या दोस्तापैकीच कुणीतरी दिला असंल."

दोस्त म्हणजे कोण, हे मी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. फोटो एकाच मोबाईलवर गेला होता आणि नौशादचा चुलतभाऊ त्या रांगेत तिसरा होता.

दोन दिवसांनी नौशाद आला. दुकानात गर्दी होती. ती ओसरेपर्यंत बाहेर बाकड्यावर बसून राहिला.

"चाचा, माझ्या मोबाईलमधून फोटो गेला न्हाय. तो माझं ऐकायला तयार न्हाय. तुम्ही एकदा सांगा त्याला. तुमचं ऐकंल."

मी म्हणालो, "तुम्हा दोघांतलं मी काय सांगू, बाबा."

तो उठला. जाताना सवयीनं "येतो, चाचा" म्हणाला. माझ्या हातून झालेल्या तीन गोष्टींत ही सगळ्यात वाईट, असं मला आज वाटतं. फोटो लावला तो घाईत. विशालशी खोटं बोललो ते भीतीनं. नौशादला परत पाठवलं तेव्हा घाई नव्हती आणि भीतीही जुनी झाली होती. विशालला त्या खुर्चीवरून उठवून पुन्हा रस्त्यावर धावायला नेईल असा गावात एकच माणूस होता. त्याला मी दारातून वाटेला लावलं.

पळस फुलला, जत्रा आली. जत्रेत दोन ग्रुपची मारामारी झाली. विशालनं कुणाला मारलं नाही, पण तो तिथं उभा होता. गुन्ह्यात नाव आलं. भरतीच्या मैदानी चाचणीची दोघांची हॉलतिकिटं माझ्याच दुकानात छापली होती. त्या सकाळी नौशाद एकटा सोलापूरच्या गाडीत बसला आणि विशाल पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर होता. नौशाद गोळाफेकीत कमी पडला. विशाल असता तर त्यावरून त्याला वर्षभर चिडवत राहिला असता.

पुढच्या भरतीला विशाल पुन्हा फॉर्म भरायला आला. मी विचारत होतो, तो सांगत होता. उंची, छाती, शिक्षण. मग तो प्रश्न आला: आपल्याविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय? माझा हात माऊसवर थांबला. मी हळूच म्हणालो, "काय लिहू?"

"खरं लिहा, काका," तो म्हणाला. "खोटं लिहून कुठं जायचं?"

'होय'वर मीच क्लिक केलं.

केस सहा वर्षं चालली. शेवटी तो निर्दोष सुटला. पण वयाची अट कुणासाठी थांबत नाही.

ग्रुपमध्ये तो दीड वर्ष होता. बाहेर कसा पडला, हे मी त्याला पुढं एकदा विचारलं. मला वाटलं होतं, काही मोठं कारण सांगेल. म्हणाला, "काका, तिथं जाऊन बसलं की कुणीतरी म्हणायचं, आला का विशाल, बस. घरी कुणी तसं म्हणत नव्हतं. बाप बोलायचाच न्हाय. मग एक दिवस बापानं जीपची चावी पुढं टाकली. म्हणला, मला चक्कर यायलीय, आजचा नंबर तू लाव."

स्टँडवर जीपला नंबर असतो. जो आधी आला त्याची गाडी आधी भरते. भैय्याचा माणूस असो की कुणाचा जावई, नंबर आल्याशिवाय गाडी निघत नाही, आणि नंबर आला की कुणी थांबवत नाही. विशाल म्हणाला, त्या दिवशी सातवा नंबर होता, तीन तास बसून राहिला, आणि त्याची गाडी भरली. म्हाताऱ्या बायकांनी त्याला बाळा म्हटलं, एकीनं हरभऱ्याचा डहाळा दिला. "मला तेच बरं वाटलं," म्हणाला. "थांबलं की आपला नंबर येतो, हे मला कुणी दाखवलंच नव्हतं." बापाला चक्कर खरंच आली होती का, हे त्यानं आजवर विचारलेलं नाही.

सकाळची पहिली फेरी त्या भूकंपाच्या गावाकडं रिकामीच जाते, माणसं तिकडून आणायची असतात. त्या रिकाम्या जीपमध्ये तो पोरं नेऊ लागला. आधी दोन, मग सात-आठ, आता पोरीही असतात. त्याच सरळ रस्त्यावर त्यांना पळवतो आणि माणसं भरून परत येतो. काही भरती झाली. काही झाली नाहीत, तर त्यांना तो तिथं सोडत नाही. एकाला वायरमनच्या हाताखाली लावलं, एका पोरीला आयटीआयचा फॉर्म भरायला लावला, एकाला तर सरळ म्हणाला, "तुझ्या पायात पळणं न्हाय, पण जनावरं तुझं ऐकत्यात. दूध डेरीत जा." तो गेला आणि टिकला.

दोन वर्षांपूर्वी मला म्हणाला, "काका, रस्त्याकडंच्या दगडांवर शंभर शंभर मीटरच्या खुणा पाहिजेत. ब्रश हाय का अजून?" ब्रश होता, केस झडलेले. दोन सकाळ मी उकिडवा बसून दगड रंगवले. पोरं बाजूनं धापा टाकत जायची. एक पोरगी म्हणाली, "आजोबा, तीनशेचा दगड थोडा अलीकडं घ्या की." तिला हसू आवरत नव्हतं, मलाही. कुठल्याच दगडावर नाव टाकलं नाही. त्या दोन दिवसांत त्या फोटोची गोष्ट विशालला सांगायला किती वेळा तोंडाशी आली होती. नाही बोललो.

वाढदिवसाचे फ्लेक्स मी बंद केलेत, पण त्याचा मोठेपणा घेत नाही. पोरांना आता फ्लेक्स लागतच नाही, मोबाईलवर रील टाकली की भागतं. उतरंड तीच, चौक बदलला. परवा एक अकरावीतलं पोरगं खिळ्यावरचा शर्ट घालून फोटोला बसलं आणि खिशातून गॉगल काढून म्हणालं, "एक असा बी घ्या." मी घेतला. मग म्हणालो, "सकाळी सहाला स्टँडवर एक रिकामी जीप असते. जाऊन बघ एकदा." दुसऱ्या दिवशी ते गेलं होतं, असं कळलं. तिसऱ्या दिवशी गेलं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा गेलं. एवढंच होतं आपल्या हातून बहुतेक वेळा, आणि ते कमी नाही.

गेल्या आठवड्यात विशाल पोरं घेऊन आला, फॉर्मचे दिवस म्हणून. सगळ्यांचे फोटो झाले. पोरं बाहेर जीपमध्ये बसून कालवा करत होती. तो दारात थांबला, मागं न बघता म्हणाला, "काका, काम झालं की फोटो कॉम्प्युटरमधून पुसत जा. दुकान गर्दीचं असतंय."

आवाजात राग नव्हता. ताटात मीठ कमी आहे असं सांगावं तसं तो बोलला आणि गेला.

वरचं सगळं लिहून झाल्यावर मी ते लगेच मासिकाला छापायला पाठवलं नाही. कागद घेऊन स्टँडवर गेलो. विशालचा नंबर पाचवा होता, वेळ होता. तो स्टिअरिंगवर कागद ठेवून वाचत बसला, मी बाजूच्या सीटवर. बाहेर एकजण "सास्तूर, सास्तूर" ओरडत होता. विशालनं शेवटचं पान उलटलं आणि पुन्हा पहिलं काढलं.

"मला वाटायचं कधीमधी," तो म्हणाला. "पण विचारलं अन् तुम्ही व्हय म्हणला तर पुढं काय करायचं, ते कळत नव्हतं."

मी हात जोडले. त्यानं ते खाली केले.

"माझं राहू द्या. मी आता बरा हाय. नौशादच्या आईसमोर मी त्याला काय काय बोललो, ठावं हाय का तुम्हाला? त्यानं नुसतं ऐकून घेतलं." मग कागद माझ्या हातात देत म्हणाला, "छापा. नाव बदलू नका. फोटो तेवढा लावू नका." आणि हसला.

नौशाद आता पवनचक्क्यांच्या दुरुस्तीचं काम करतो, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. रविवारी त्याला सुट्टी असते. विशाल म्हणाला, "गाडी मी काढतो. माझं मी बोलंन. तुमचं तुम्ही बोलायचं."

फोटो तुझ्या मोबाईलमधून गेला नव्हता, तो मी लावला होता, आणि तू बाकड्यावर वाट बघत बसला होतास तेव्हाही मला ते माहीत होतं. नौशादला हे एवढं सांगायचं मी अजून देणं लागतो.